ऑप्शन नंबर ११ आणि काकांचा सर्व्हर

रंगपंचमीला इंदुरात कोणी काम करत नाही. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, अख्खं गाव रंगात असतं आणि सांवेर रोडवरचे कारखाने बंद, म्हणून २०२५ च्या रंगपंचमीला आम्ही मुद्दाम तोच दिवस धरला होता, की सकाळी ९ ला जायचं, कारखान्याचं होस्ट मशीन उबंटू लिनक्सच्या २२.०४ व्हर्जनवरून २४.०४ वर न्यायचं, १ वाजेपर्यंत घरी. मी घरी पोचलो रात्री. रंग एक थेंब लागला नाही अंगाला.

आधी सेटअप सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पॅकेजिंगचा छोटा कारखाना आहे, तिथलं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. दोन मशीनं. एक होस्ट, त्यावर क्यूईएमयू नावाच्या प्रोग्रामने चार व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतले चार वेगळे कॉम्प्युटर, चालतात, हिशोब, जॉबकार्ड, हजेरी आणि एक टेस्टची. दुसऱ्यात फक्त डिस्का. व्हीएमना डिस्क मिळते ती नेटवर्कवरून, एनबीडीने, म्हणजे नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस, लिनक्समध्ये १९९७ पासून असलेला जुना साधा प्रोटोकॉल, पोर्ट १०८०९. आता एनबीडीचा सर्व्हर तयार मिळतो, एक सोडून तीन मिळतात, पण इथे जो चालतो तो आमच्या काकांनी २०१४ मध्ये स्वतः सी मध्ये लिहिलाय. काका म्हणजे माझ्या आधी हे काम बघायचे ते, आता रिटायर, लोकमान्य नगरात राहतात. त्यांनी त्यात प्रत्येक व्हीएमसाठी रोज रात्री वेगळी ओव्हरले फाइल (मूळ डिस्क तशीच ठेवून वरचे बदल साठवणारी) बनवायची सोय घातलीय, चुकून काही उडालं तर कालच्या रात्रीवर परत जाता येतं, आणि कारखान्याचे मालक, सेठजी, त्यांचा त्या सोयीवर इतका जीव आहे की सर्व्हर बदलू म्हंटलं की विषय तिथेच संपतो.

तर अपग्रेड झालं, होस्ट उठला, आणि चारपैकी एकही व्हीएम उठेना. एरर असा की ऑप्शनचं उत्तर वाचायला गेलो तर कनेक्शन मध्येच संपलं. सर्व्हरच्या मशीनला आपण हात पण लावलेला नाही. नेटवर्क ठीक, पिंग ठीक, पोर्ट उघडा. माझ्यासोबत ऑफिसातला नवीन पोरगा होता, तो म्हणाला दादा फायरवॉल असेल. फायरवॉल नव्हता, पण अर्धा तास तिथे गेलाच.

मग टीसीपीडंप, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी बाइट न् बाइट दाखवणारा प्रोग्राम, लावला आणि पाच मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. एनबीडीची सुरुवात अशी होते. सर्व्हर १८ बाइट पाठवतो, ८ बाइट पहिली मॅजिक (ओळखीसाठी ठरलेला आकडा), ८ बाइटांत अक्षरशः इंग्रजीत "आय हॅव ऑप्ट" असं जोडून लिहिलेलं, आणि २ बाइटांचे फ्लॅग, ज्यात एकेक बिट म्हणजे एकेक हो-नाही. क्लायंट, म्हणजे डिस्क मागणारा क्यूईएमयू, ४ बाइटांचे आपले फ्लॅग पाठवतो आणि मग एकामागून एक ऑप्शन विचारतो. प्रत्येक ऑप्शनचं हेडर १६ बाइटांचं, परत तीच आय-हॅव-ऑप्टची ८ बाइट, मग ४ बाइटांत ऑप्शनचा नंबर, मग ४ बाइटांत लांबी, की या हेडरमागे किती बाइट डेटा येतोय. ही शेवटची ४ बाइट लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्यांच्यावरच आहे.

आमच्या डंपमध्ये क्लायंटने पहिलाच ऑप्शन पाठवला नंबर ११, लांबी ०. आणि सर्व्हरने लगेच सॉकेट, म्हणजे कनेक्शन, बंद केलं. ना उत्तर ना काही, दार आपटून मोकळा.

नंबर ११ म्हणजे एक्स्टेंडेड हेडर्स, ते कशासाठी ते शेवटी सांगतो. उबंटू २४.०४ मध्ये क्यूईएमयू ८.२ येतो आणि त्याला हा ऑप्शन येतो, २२.०४ च्या ६.२ ला येत नव्हता. नवा क्लायंट फक्त विचारत होता की बाबा तुला हे जमतं का. नाही म्हणाला असता सर्व्हर तर क्लायंट पुढे गेला असता, ८ नंबर विचारला असता, मग ७, आणि शेवटी जुन्या पद्धतीने फक्त डिस्कचं नाव सांगून काम सुरू केलं असतं. त्याची "नाही" ऐकायची पूर्ण तयारी होती, आमच्या सर्व्हरला ते म्हणताच येत नव्हतं.

कोड उघडला. ऑप्शनवर एक स्विच, म्हणजे प्रत्येक नंबरला वेगळी वाट, त्यात केस १ म्हणजे डिस्कचं नाव, केस २ अबॉर्ट, केस ३ लिस्ट म्हणजे सगळ्या डिस्कांची नावं, खाली केस ७ आणि ८, आणि मग डीफॉल्ट, बाकी सगळ्या नंबरांसाठी. डीफॉल्टमध्ये सॉकेट बंद करायची ओळ आणि तिच्या बाजूला काकांची कॉमेंट, "इथे येत नाही". २०१४ मध्ये खरंच कोणी येत नव्हतं तिथे.

आता केस ७ आणि ८ कोणी लिहिले, तर मी. इथे मला थोडी लाज वाटते म्हणून पटकन सांगून टाकतो. २०१८ मध्ये होस्ट १८.०४ वर नेला तेव्हा हेच्च झालं होतं. तेव्हाच्या क्यूईएमयू २.११ ने ८ नंबर, स्ट्रक्चर्ड रिप्लाय, आणि ७ नंबर, गो, विचारायला सुरुवात केली होती, आणि मी काय केलं तर दोन केस वाढवल्या की हे दोन आले तर नाही म्हण. डीफॉल्टला हात लावला नाही. म्हणजे जे अनोळखी होते त्यांची नावं लिहून ठेवली आणि समजलो की झालं आता, अनोळखी कोणी उरलंच नाही. सात वर्षं मस्त चाललं ना, म्हणून कोणाला संशय पण आला नाही.

त्या दिवशी दुपारी मात्र आधी व्हीएम उठवणं गरजेचं होतं, कारण हजेरीचं मशीन सकाळी ७ च्या शिफ्टला लागतं. इथे एक उपाय केला तो मला अजूनही आवडतो. सर्व्हर सुरुवातीला जे २ बाइटांचे फ्लॅग पाठवतो त्यातल्या बिट ० चा अर्थ आहे फिक्स्ड न्यूस्टाइल. याच्यामागे इतिहास आहे. सगळ्यात जुन्या एनबीडीत प्रत्येक डिस्कला वेगळा पोर्ट लागायचा. मग न्यूस्टाइल आली, एकच पोर्ट आणि ऑप्शनची पद्धत, पण तिच्यात सर्व्हरला न कळलेल्या ऑप्शनला नकार द्यायची सोयच नव्हती, कनेक्शन तोडणं एवढंच हातात. म्हणून ती दुरुस्त केली आणि नाव पण तसंच ठेवलं, फिक्स्ड. बिट ० लावला की सर्व्हर क्लायंटला वचन देतो की तू काहीही विचार, मी व्यवस्थित उत्तर देईन, पळून जाणार नाही.

काकांच्या सर्व्हरने ते वचन दिलं होतं आणि पाळत नव्हता. लिस्टचं उत्तर देता यावं म्हणून त्यांनी बिट लावला होता, बाकीच्या जबाबदारीकडे तेव्हा लक्ष गेलं नसेल. तर मी तो बिट काढला. एक आकडा बदलला, १ चा ०, कंपाइल, रीस्टार्ट. आता सर्व्हर सांगतोय की मी जुना माणूस आहे, मला जास्त विचारू नका, आणि क्लायंट पण शहाणा, त्याने ११ विचारलं नाही, ८ नाही, ७ नाही, सरळ १ नंबरने डिस्कचं नाव सांगितलं, सर्व्हरने साइज आणि वर १२४ शून्य बाइट पाठवली (हो, जुन्या पद्धतीत १२४ रिकामी बाइट पाठवावी लागतात) आणि चारही व्हीएम उठल्या. आम्ही पोहे मागवले, उसळ आणि जीरावन टाकून, दुपारी ४ वाजता.

पण हे कायमचं ठेवायचं नव्हतं. बिट काढला की लिस्ट पण गेली, आणि नाव चुकीचं दिलं तर सर्व्हर काही न सांगता कनेक्शन तोडतो, कारण १ नंबरच्या ऑप्शनला एररचं उत्तर प्रोटोकॉलमध्येच नाही. त्यासाठीच तर पुढे ७ नंबर बनवला गेला.

पोरगा म्हणाला दादा मी करतो, सोपं आहे. सोपंच होतं. नकाराचं उत्तर २० बाइटांचं असतं, ८ बाइट उत्तराची मॅजिक, ४ बाइट ज्या ऑप्शनला उत्तर देतोय त्याचा नंबर, ४ बाइट उत्तराचा प्रकार, ४ बाइट लांबी. "मला हे येत नाही" याचा प्रकार २१४७४८३६४९, म्हणजे सगळ्यात वरचा बिट लावलेला आणि खाली १. सगळ्या एररना तो वरचा बिट असतो, म्हणजे उद्या सर्व्हरने एखादी नवीनच एरर पाठवली जी क्लायंटने कधी बघितली नाही, तरी त्याला एवढं कळतं की हा नकारच आहे. प्रोटोकॉल बनवणाऱ्यांनी अनोळखीपणाचा विचार दोन्ही बाजूंनी केलाय, हे मला फार भारी वाटतं.

त्याने डीफॉल्टमध्ये सॉकेट बंद करायची ओळ काढून हे उत्तर पाठवायची टाकली, बिट परत लावला, टेस्टची व्हीएम उठवली, उठली. छान. मग त्याने बघितलं की माझ्या केस ७ आणि ८ पण तेच उत्तर पाठवतात, मग त्या कशाला हव्यात, उडवल्या. कोड स्वच्छ. कंपाइल झाला, रीस्टार्ट केला, आणि मग टेस्ट न करताच मला म्हणाला चला दादा. मी म्हंटलं एकदा हिशोब बंद करून चालू कर. नाही उठला.

आता सर्व्हरच्या लॉगमध्ये वेगळंच. मॅजिक चुकीची आहे, आणि जी ८ बाइट आली ती छापलेली होती: तीन शून्य, एक ६, आणि मग एच, आय, एस, एच. मी दोन मिनिटं बघत बसलो आणि मग हसायला आलं. एच आय एस एच म्हणजे आमच्या डिस्कच्या नावाची पहिली चार अक्षरं, आणि ६ म्हणजे रोमनमधल्या हिशोबची लांबी. हेडर यायला पाहिजे तिथे आमच्याच डिस्कचं नाव आलेलं.

झालं असं. ११ ची लांबी ०, ८ ची पण ०. त्यांना नाही म्हंटलं की विषय संपला. पण ७ च्या हेडरमागे डेटा असतो, ४ बाइट नावाची लांबी, मग नाव, मग २ बाइटांत किती गोष्टींची माहिती हवी तो आकडा, आणि पुढे त्यांची यादी. हिशोबसाठी कमीत कमी १२ बाइट. माझ्या २०१८ च्या केस ७ मध्ये नकार द्यायच्या आधी एक वाचायची ओळ होती जी ती बाइट उचलून फेकून द्यायची. पोराला ती दिसली नाही, कारण वाचलेलं कुठेच वापरलं नव्हतं, बघणाऱ्याला वाटणारच की फालतू ओळ आहे. मी पण तिथे कॉमेंट लिहिली नव्हती, मग दोष कोणाला देणार. तर सर्व्हरने नकार दिला आणि मागची बाइट पाइपमध्ये तशीच पडून राहिली, पुढचं हेडर वाचायला गेला तर तीच हातात आली.

टीसीपीला निरोप-बिरोप काही कळत नाही ना, तो बाइटांचा नळ आहे. एक निरोप कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे फक्त लांबी सांगते. म्हणून न कळलेल्या ऑप्शनच्या बाबतीत पण सर्व्हरला एक गोष्ट नक्की कळलेली असते, तो किती मोठा आहे. काय आहे ते नाही, पण किती आहे ते. तेवढी बाइट मोजून वाचायची, फेकायची, मग नाही म्हणायचं. ऑप्शनचा अर्थ कळणं आणि ऑप्शन ओलांडून पुढे जाणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि आमच्या स्विचने ती एकात एक गुंतवली होती.

म्हणून शेवटी जे केलं ते असं की लांबी वाचून डेटा उचलायचं काम स्विचच्या बाहेर, वर नेलं. कुठलाही ऑप्शन असो, ओळखीचा की परका, आधी त्याचा डेटा पूर्ण वाचून बफरमध्ये घ्यायचा आणि मगच नंबर बघायचा. यामुळे कुठलीही केस वाचायला विसरूच शकत नाही. हे करताना अजून दोन लफडी सापडली. एक, काकांचा कोड रीड (बाइट वाचायचं फंक्शन) एकदाच बोलवायचा आणि धरून चालायचा की मागितली तेवढी सगळी बाइट आली, एकाच खोलीतल्या दोन मशीनमध्ये बहुतेक वेळा येतात पण, म्हणून कधी उघडं पडलं नव्हतं, आता पूर्ण भरेपर्यंत लूप आहे. दुसरं, लांबी ४ बाइटांची म्हणजे कोणी चार जीबीच्या जवळपासचा आकडा लिहून पाठवला तर आपण काय चार जीबी उचलत बसायचं? एनबीडीच्या स्पेकमध्ये, म्हणजे नियमांच्या दस्तऐवजात, नाव वगैरे स्ट्रिंग जास्तीत जास्त ४०९६ बाइटांची, तर आम्ही ६४ केबीची मर्यादा ठेवली, त्याच्या वर गेला तर मात्र कनेक्शन बंद, तिथे आम्हाला दया नाही.

नकाराच्या उत्तरात हवं तर माणसाला वाचता येईल असा मेसेज पण जोडता येतो, तो पण टाकला, नंबरसकट, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ, अमुक नंबर आला, इतक्या लांबीचा, ओळखला नाही. ही ओळ २०१८ मध्ये असती तर तो अर्धा तास फायरवॉलमागे गेला नसता.

आता एक गोष्ट ज्यावर पोराने मला धरलं. तो म्हणाला, मग क्लायंट जे ४ बाइटांचे फ्लॅग पाठवतो त्यात अनोळखी बिट आला तर तिथे पण दुर्लक्ष करू ना. मी हो म्हणणार होतो, पण स्पेक उघडली तर उलटं निघालं. तिथे सांगितलंय की क्लायंटने अनोळखी बिट लावला, किंवा आपण न सांगितलेला बिट लावला, तर सर्व्हरने कनेक्शन तोडायचंच. आधी विचित्र वाटलं, मग पटलं. ऑप्शन म्हणजे प्रश्न आहे, त्याला उत्तराची जागा आहे. फ्लॅग म्हणजे क्लायंट सांगून मोकळा झालाय की आता मी असं वागणार, त्याला नाही म्हणायला जागाच नाही, आणि त्या बिटामुळे पुढची बाइट कशी येणार हे पण बदलू शकतं, बिट १ नेच बघा, ती १२४ शून्यं येणार की नाही ते ठरतं. तिथे न समजता मान हलवली तर पुढे डेटाच चुकीच्या जागी वाचला जाईल, आणि इथे डेटा म्हणजे कोणाचातरी पगार.

बाकीचे स्टोरेज प्रोटोकॉल काय करतात ते पण त्या निमित्ताने चाळलं. आयस्कझी, नेटवर्कवरून डिस्क द्यायचा दुसरा प्रोटोकॉल, ज्याचा सध्याचा मुख्य दस्तऐवज आरएफसी ७१४३ हा २०१४ चा, तिथे लॉगिनच्या वेळी न कळलेली 'की', म्हणजे सेटिंगचं नाव, आली तर "नॉट अंडरस्टुड" असं शब्दांत उत्तर द्यायचं, गप्प बसायचं नाही. एसएमबी ३.१.१, म्हणजे विंडोजचा फाइल शेअर करायचा प्रोटोकॉल, त्यात मात्र निगोशिएटच्या (सुरुवातीच्या बोलणीच्या) वेळचे अनोळखी कॉन्टेक्स्ट सर्व्हरने गुपचूप सोडून द्यायचे. मला वैयक्तिक आयस्कझी आणि एनबीडीची पद्धत जास्त बरी वाटते, निदान डंप वाचणाऱ्याला कळतं तरी की सर्व्हरने बघितलं आणि नाकारलं, की त्याच्यापर्यंत पोचलंच नाही.

टेस्टसाठी पोराने पायथनमध्ये छोटा क्लायंट लिहिला, आणि हे काम त्याने खरंच छान केलं. तो नंबर ४ पाठवतो (हा एकेकाळी होता, मागे घेतला गेला), ११ पाठवतो, ९९९९ पाठवतो, लांबी ०, १, ७, ३००, ४०९६, आत कचरा भरून, कधी हेडर दोन तुकड्यांत मध्ये एक सेकंद थांबून. आणि प्रत्येकानंतर लिस्ट मागतो आणि बघतो की चारही डिस्कांची नावं बरोबर येतात का. नुसता नकार आला की नाही ते बघून उपयोग नाही, पोराने केस उडवल्यावरचा सर्व्हर पण नकार नीटच देत होता, त्यानंतरचा प्रश्न समजत नव्हता. ७०००० लांबीला कनेक्शन तुटलं पाहिजे, ते पण तुटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकांकडे गेलो, कोड त्यांचा आहे, न सांगता बदलणं बरं दिसत नाही. त्यांनी चष्मा लावून सगळा डिफ, म्हणजे कोडमध्ये काय काय बदललं ते, वाचला. म्हणाले, "अरे २०१४ मध्ये मी बिट लावला तेव्हा मला वाटलं फिक्स्ड म्हणजे आता यात काही बदलणार नाही." काकू स्वयंपाकघरातून हसल्या, त्यांना काय कळलं देव जाणे. मग काकांनी विचारलं की हे सगळं हँडशेकचं, म्हणजे सुरुवातीच्या ओळखीचं, झालं, पण एकदा डिस्क जोडली गेली आणि मग अनोळखी कमांड आली तर?

बरोबर तिथे दुखत होतं. हँडशेकनंतर प्रत्येक विनंती २८ बाइटांची असते, त्यात पण ४ बाइटांची लांबी आहे, पण ती लांबी फसवी. रीडमध्ये तिचा अर्थ मला इतकं दे, राइटमध्ये अर्थ मागे इतका डेटा येतोय. कमांड कुठली हेच कळलं नाही तर मागे बाइट आहेत की नाहीत हे सांगता येत नाही. म्हणजे जी युक्ती ऑप्शनला चालली ती इथे चालतच नाही. आणि यावर तोडगा काय निघालाय तर तोच ऑप्शन ११, ज्याच्यामुळे आमची रंगपंचमी गेली. एक्स्टेंडेड हेडर्समध्ये विनंती ३२ बाइटांची होते, लांबी ४ ची ८ बाइट होते, आणि एक फ्लॅग येतो जो सांगतो की ही लांबी मागे येणाऱ्या डेटाची आहे की नुसत्या मागणीची. मग सर्व्हरला कमांड कळो न कळो, किती ओलांडायचं ते कळतं.

काका म्हणाले मग करून टाक ना ११. मी म्हंटलं काका, ते एका रात्रीचं काम नाही, उत्तरांची हेडरं पण सगळी बदलतात. तूर्त सर्व्हर डिस्क जोडताना ज्या कमांडा येतात म्हणून सांगतो त्याच फक्त येणार असं धरतो, क्लायंटला तेवढंच वापरायची परवानगी आहे, आणि त्याव्यतिरिक्त काही आलं तर लॉगमध्ये २८ बाइट छापून कनेक्शन तोडतो. या वेळी मुद्दाम. काकांनी त्या ओळीवर कॉमेंट काय लिहिलीस ते विचारलं. मी दाखवली: "इथे आलं तर थांबा, मागे किती बाइट आहेत माहीत नाही." ते म्हणाले चालेल, आणि तारीख टाकायला लावली.